मास्तरांची लाइन क्लिअर

टेंभरे मास्तरांना त्यांच्या मुलानं फसवलं. दुकानदारानं नाही, डॉक्टरानं नाही, मुलानं. निलेश त्याचं नाव, पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत आहे. पैशाची फसवणूक मला कळते. माझं उभं आयुष्य धंद्यात गेलं. पैशात कोणी फसवलं तर त्याच्या दुकानासमोर जाऊन चार शिव्या देता येतात आणि मन मोकळं होतं. निलेशनं बापाकडून पैसे घेतले नाहीत, उलट पाठवले. त्यानं घेतला तो वेळ, आणि मास्तरांकडे नेमका तोच कमी होता.

मास्तरांच्या तेरवीला तो पंगतीत माझ्या शेजारी बसला. वाढपी भात घेऊन पुढे गेला तसा हळूच म्हणाला, "काका, बाबांना तो अँप्लिफायर आवडला होता ना?"

माझा राग गोंदियाच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तो आलाच नाही, नुसता थकवा आला. पान अर्धं सोडलं, हात धुतले आणि घरी आलो. उत्तर द्यायचं राहिलं, ते आता देतो. पण आधी मास्तर कोण होते ते सांगावं लागेल, कारण निलेशला ते पुरते माहीत होते असं मला वाटत नाही.

मास्तर शाळेतले नव्हेत, स्टेशनातले. सौंदडला स्टेशनमास्तर होते. त्या काळात मी सौंदडच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बॅटरीचे सेल, घड्याळाचे पट्टे, असलं काहीबाही विकायचो. मी आभाळातला भाव सांगायचो, गिऱ्हाईक मातीतला मागायचं, आणि मध्ये कुठंतरी आमची भेट व्हायची. मास्तर पांढऱ्या कपड्यांत येत, पोत्यासमोर उकिडवे बसत आणि मोठ्या सेलचा भाव विचारत. मी सांगितला की घासाघीस नाही, काही नाही. माझंच वाक्य मला परत म्हणून दाखवत. "मोठ्या सेलची जोडी, इतके रुपये. बरोबर?" एकेक शब्द सुटा. आपण सांगितलेला चढा भाव दुसऱ्याच्या तोंडून इतक्या शांतपणे ऐकला की कसंतरीच होतं. मी म्हणायचो, "थांबा जी मास्तर, दुसऱ्या मालाचा भाव सांगितला मी," आणि खरा सांगायचो. तोही ते परत म्हणत, मगच खिशात हात घालत.

एकदा मी चिडलो. "काऊन जी मास्तर, माणूस बोलला ते एका वेळी ऐकू येत नाई का तुमाले?"

"येते," ते म्हणाले. "बोलणाऱ्याले ऐकू आलं का, ते पाहून राहिलो."

ही सवय नोकरीतून लागलेली. कंट्रोलच्या फोनवर जो हुकूम येईल तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, म्हणजे गफलत होत नाही. ड्यूटी संपली तरी मास्तरांची ती सवय सुटली नाही. वहिनी सांगायच्या, "लग्न जमवाले आले तवा माझ्या बापानं माझं नाव सांगितलं, तर यायनं ते परत म्हणून दाखवलं. बाप म्हणे, पोरगा लक्ष देऊन ऐकते. पुढं मले समजलं. भाजीत मीठ कमी पडलं का म्हणतात, 'भाजीत मीठ कमी. बरोबर?' अन् जेवत बसतात."

दुसरी सवय याहून पक्की. आपल्या स्टेशनातून गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाला विचारायचं, आणि तिकडून 'लाइन क्लिअर' आली तरच सिग्नल द्यायचा. समोर रूळ रिकामे दिसोत, ड्रायव्हर शिट्ट्या मारो, डब्यात प्रत्यक्ष जावई बसलेला असो, तिकडचा शब्द आल्याशिवाय गाडी हलायची नाही. मास्तर घरही असंच चालवत. त्यांचं पुढचं स्टेशन म्हणजे त्यांचे मोठे भाऊ हिरामण. फुलचूरला प्लॉट घ्यायचा, निलेशला कुठल्या कॉलेजात घालायचं, म्हैस ठेवायची की विकायची, सगळं हिरामणभाऊंना विचारून. बाप लवकर गेला होता, हिरामणभाऊंनीच मास्तरांना शिकवलं होतं. स्वतः मात्र चौथीतच शाळा सोडून धानाच्या बांधीत उतरले.

हिरामणभाऊ दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, गायचे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. दुपारी उघड्यावर दंडार, रात्री नाटक. हिरामणभाऊ उभे राहिले की जिलेबीवाल्याचं गिऱ्हाईक उठून तिकडे जायचं, एवढं मी स्वतः पाहिलं आहे. मास्तरांनी पाहिलं नव्हतं. दिवाळीत दूरदूरचे लोक सुटीवर जात, आणि ज्याचं गाव जवळ त्याला सुटी नसे, त्याला ड्यूटी. सख्ख्या भावाची दंडार स्टेशनापासून हाकेच्या थोडी पलीकडे, आणि मास्तर दरवर्षी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे. धान कापायला आलेलं असे. वारा इकडचा असला तर त्या धानावरून गळा यायचा. "अर्धी ओळ याची," ते सांगायचे, "अन् वारा फिरला का अर्धी जायची. मंग तेवढ्यात गाडीची घंटी."

म्हणून ते भाच्याजवळ टेपरेकॉर्डर देऊन ठेवत. माझ्याकडून घ्यायचे ते मोठे सेल टॉर्चचे नव्हते, त्या टेपचे होते, हे मला फार उशिरा कळलं. भाचा गर्दीत मागे बसायचा. त्यामुळे कॅसेटमध्ये पिपाण्या, रडणारी पोरं, भांडणारे म्हातारे सगळे जवळ, आणि हिरामणभाऊ त्यांच्या पलीकडे, लहानसे. साध्या टेपवर ऐकलं तर कोणी विहिरीतून गातंय असं वाटायचं.

मास्तर रिटायर व्हायच्या आधीच हिरामणभाऊ गेले. साधा ताप आला, तोच भारी पडला. मास्तर फुलचूरच्या घरी राहायला आले. मीही तोवर पोत्यावरून उठून कुडव्याला इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं होतं. ते स्कूटरवरून येत, काउंटरपाशी बसत. त्यांच्या घरचं पुढचं स्टेशन आता निलेश झाला होता. टाइल्स कुठल्या लावायच्या, गॅस एजन्सी बदलायची का, सगळं रविवारी निलेशला फोनवर विचारून.

निलेशचं चांगलं ते मी नाकारत नाही. एका दिवाळीत तो आला, घरात कम्प्युटर बसवला, सुटीभर खपून सगळ्या कॅसेटी त्यात भरल्या. पुढच्या खेपेला जाडजूड काळे हेडफोन आणले, दोन्ही कान झाकणारे. कारण मास्तरांचे कान चालले होते. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की कानाची नसच सुकत आहे. कमी कमी होत जाईल, परत यायचं नाही. कानामागं लावायचं यंत्र बोलण्यापुरतं ठीक, गाणं त्यातून पत्र्यावर पडल्यासारखं वाजतं.

हेडफोन कम्प्युटरला लावले तर आवाज मच्छराएवढा. निलेश फोनवर म्हणाला, "बाबा, हे हेडफोन जड आहेत, कम्प्युटरला ते झेपत नाहीत. मध्ये वेगळा अँप्लिफायर लागेल. मी बघतो."

"तू बघतो. बरोबर?" मास्तर म्हणाले.

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे. "गोपीसेठ, कम्प्युटरच्या आवाजाले ताकत नाई म्हणते पोरगा. हे काय हाये?"

मी म्हटलं, "शेतातली मोठी मोटर घरच्या दिव्याच्या लाइनवर लावली तर फिरन का? गूं गूं करत बसन. तसंच हाये जी."

काउंटरवर तेव्हा राजू होता. तो लग्नात, मंडईत लाउडस्पीकर लावतो. आमच्याकडे अँप्लिफायर हा शब्द कोणी बोलत नाही, मशीन म्हणतात. राजू म्हणाला, "मास्तर, कायले टेन्शन घेता? माझी दोनशे वॅटची मशीन नेऊन लावा. कानात मंडई भरते पूर्ण."

"मले मंडई नाई पाह्यजे," मास्तर म्हणाले. "एक माणूस पाह्यजे."

राजूला ते काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी शोधायला लागलो.

पहिली मशीन आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं जोडून दिली. मास्तरांनी हेडफोन चढवले. मी गाणं लावायला गेलो तर त्यांनी हात धरला. "गाणं कायले लावता? आधी काहीच लावलं नसताना काय ऐकू येते ते पाहू." बटण पूर्ण फिरवून डोळे मिटून बसले. "पंखा चालू हाये," म्हणाले.

"नाई जी, लाइट गेली हाये, पंखा बंद. मशीन तेवढी इन्व्हर्टरवर चालू हाये."

"मंग मशीनमंदी चालू हाये."

ती परत गेली. मशीन घेताना आवाज किती मोठा हे सगळे पाहतात. शांतता किती शांत हे पाहणारं गिऱ्हाईक मी तेवढं एकच पाहिलं. सारी नोकरी फोनला कान लावून खरखरीतून स्टेशनाचं नाव वेगळं काढण्यात गेलेली.

दुसरी मशीन मला गोंदियातल्या एका घरी सापडली. घरमालक रायपूरला चालला होता, सामान काढत होता. जुन्या काळची लाकडी कडांची वजनदार मशीन, समोर हेडफोनचं वेगळं भोक. पूर्ण दुपार मी त्या माणसाशी भाव केला. त्याच्या बायकोनं दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा पाणीही दिलं नाही, तेव्हा सौदा पटला. माझ्या आयुष्यातले जे चांगले सौदे आहेत त्यातला तो एक. बटणं साफ केली, दुकानातल्या बिलाच्या कम्प्युटरला जोडली. आधी गूं असा आवाज आला. शोधता शोधता कळलं की माझ्याच दुकानाची अर्थिंगची तार सैल होती. ती कसली आणि मास्तरांना बसवलं.

ते नुसते बसून राहिले. काहीच लावलेलं नव्हतं. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "काहीच नाई." असे म्हणाले की जणू दुकानात काहीतरी मौल्यवान सापडलं.

मग कॅसेटींतली गाणी भरलेला पेन ड्राइव्ह लावला. मला बाहेर फक्त चुरचुर ऐकू येत होती. मास्तरांनी एकदम दाराकडे मान वळवली, कोणी आत आल्यासारखी. दारात कोणी नव्हतं. मी काही बोलायला गेलो तर हात वर करून थांबवलं. आणि हेडफोन घातलेला माणूस बोलतो तसे मोठ्यानं म्हणाले, "श्वास घेते तो. ओळीच्या आधी श्वास घेते. मले कधी ऐकू नाई आला."

बल्ब घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तसं बल्ब निरखू लागलं.

गाणं अर्ध्यात होतं आणि मास्तरांनी हेडफोन काढले.

"काऊन काढलं जी?"

"इथं नाई. पूर्ण घरी ऐकीन, दार लावून."

"मंग घेऊन जा मशीन. आता ऑटोत ठेवून देतो."

"लाइन क्लिअर येऊ द्या," म्हणाले आणि वायर गुंडाळू लागले.

फोन माझ्याच दुकानातून लावला, स्पीकरवर. निलेशनं मशीनचं नाव विचारलं, थोडा वेळ त्याच्या कीबोर्डचा आवाज आला. "काका, हिचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असणार. हेडफोनचा आवाज बिघडतो त्यानं. लोकांनी लिहिलंय. आणि जुना माल, आत काही शॉर्ट झालं तर हेडफोनच जातील. थोडं थांबा. एक नवीन मॉडेल येतंय, सगळे त्याचीच वाट बघतायत."

"सगळे पाहतीन वाट," मी म्हटलं. "त्यायचे कान कुठं चालले? तुझ्या बापाचे जाऊन राहिले."

"काका, एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं ना."

मास्तर फोनकडे वाकले. "थोडं थांबा, नवीन येऊन राहिलं. बरोबर?"

"बरोबर, बाबा."

झालं. सिग्नल लाल.

नवीन मॉडेल आलं तेव्हा त्यात कोणीतरी खोट काढली. मग दुसरं ठरलं, तर ते भारतात मिळेना. मग निलेशला कळलं की नुसता अँप्लिफायर पुरत नाही, कम्प्युटरचा आवाज आधी दुसऱ्या एका डब्यातून काढावा लागतो. मग तो डबा कुठला यावर महिने गेले. प्रत्येक रविवारी नवं नाव, नवं कारण. मास्तर सोमवारी येऊन मला ते शब्दन् शब्द सांगत, जसा काही कंट्रोलचा हुकूम. आणि दर सोमवारी मला जरा जास्त मोठ्यानं बोलावं लागत होतं.

मी एकदा तिरीमिरीत ती मशीन उचलून फुलचूरला त्यांच्या घरी ठेवून आलो. वहिनी म्हणाल्या, "ठेवून घ्या ना जी, पोराले सांगू नोका." दुसऱ्या दिवशी मशीन ऑटोतून परत. वायर अशी सुबक गुंडाळलेली की कारखान्यातही कोणी गुंडाळत नाही. ती वायर पाहून मला जास्त राग आला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

तेच आले, लागत नसलेला होल्डर घ्यायला.

"रागावले का, गोपीसेठ?"

मी मोठ्यानं म्हटलं, "मास्तर, रूळ रिकामा हाये, गाडी उभी हाये. कोणाची वाट पाहून राहिले तुमी?"

"रूळ रिकामा दिसते म्हणून गाडी सोडली असती," ते म्हणाले, "तर मी आज पेन्शनवर नसतो, जेलमंदी असतो."

मी होल्डर कागदात बांधून दिला. मशीन वरच्या फळीवर कापड टाकून ठेवली. राजूनं मागितली, दिली नाही. एका हॉटेलवाल्यानं चांगला भाव सांगितला, मला ओळखणाऱ्यांना पटणार नाही, पण त्यालाही दिली नाही.

नागपूरला माल आणायला जायचो तिथं एक जुना ऑडिओ दुरुस्त करणारा इंजिनिअर होता. त्याला मी निलेशचं ते इम्पीडन्सचं कलम विचारलं. तो म्हणाला, ते हलक्या हेडफोनला लागू. असल्या जड हेडफोनला त्यानं काही बिघडत नाही, जुन्या मशीनवर ते उलट छान वाजतात. म्हणजे पोरानं ज्या कारणासाठी बापाला थांबवलं ते कारण त्या हेडफोनला लागूच नव्हतं. मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांना अर्धंच ऐकू आलं. मी परत सांगितलं. ते म्हणाले, "निलेशले सांगा." मी निलेशला फोन केला. तो म्हणाला, "हो का? बघतो मी."

शेवटी तो अँप्लिफायर आला. वहिनींचा फोन आला, "पेटी आली म्हणतात, तुमाले बलावून राहिले." दुपारी गेलो. दार उघडंच होतं.

दारातच थांबलो, कारण मला हिरामणभाऊ ऐकू आले. खरं सांगतो, पोरांच्या पिपाण्या बाजूला, म्हातारे बाजूला, आणि मध्ये तो गळा, ओळीच्या आधीच्या श्वासासकट. मास्तर पाठमोरे कम्प्युटरसमोर बसले होते. कानांवर ते काळे हेडफोन. टेबलावर पानाच्या डब्याएवढी चकचकीत पेटी, तिच्यावर निळा दिवा, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. एवढा आवाज हेडफोनमधून गळून दारापर्यंत येत होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वहिनी पदराचं टोक धरून उभ्या होत्या.

मास्तरांनी वळून मला पाहिलं आणि ओरडून म्हणाले, "गोपीसेठ, पाहा बरं, लागलं का ते?"

मी स्क्रीन पाहिली. गाणं चालू होतं. मी मान हलवली.

"चालू हाये. बरोबर?"

मी परत मान हलवली.

त्यांनी दोन्ही तळवे हेडफोनवर ठेवले, अलगद. सौंदडला असताना ते कधी रुळाला असा हात लावून पोरांना गाडी कुठवर आली ते सांगत, तसेच. "ढोलकी येऊन राहिली," म्हणाले. बोटं हलू लागली, आणि ठेका बरोबर होता, एकही चुकला नाही. ढोलकी हाताला लागते. गळा लागत नाही.

गाणं संपलं. मी दारातून निघालो तेव्हाही त्यांचे हात तिथंच होते.

तर निलेश, तू विचारलंस ते हे. हो, आवडला. नंतर एकदा पेटीवरून हात फिरवून म्हणाले होते, "वजनदार हाये, पोरानं चांगली पाठवली." तुझं उत्तर तुला मिळालं. आता माझं दे. तुझा बाप तुला विचारून उभा होता. हो म्हणायचं होतंस किंवा नाही म्हणायचं होतंस. 'बघतो' असं उत्तर रेल्वेत नसतं. दर रविवारी त्यांचं ऐकणं कमी होत होतं, हे फोनवर तुला कळत होतं, कारण तूही मोठ्यानं बोलायला लागला होतास. मग तू कशाची वाट पाहत होतास? जुनी मशीन अजून माझ्या फळीवर आहे, कापडाखाली. कुडव्याला दुकानात ये, तिच्यासमोर बस आणि सांग. जे सांगशील ते मी शब्दन् शब्द तुला परत म्हणून दाखवीन, आणि विचारीन, बरोबर?